लिस्बनला आई-बाबांना घेऊन जातोय, राहायचं कुठे?

नमस्कार मंडळी,
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन पाच दिवस लिस्बनला चाललोय. अल्फामातलं एक घर फार आवडलंय. निळ्या टाइल्स, गॅलरीतून नदी, तिसरा मजला. आईचे गुडघे दुखतात, पण नकाशावर मेट्रो जेमतेम सहाशे मीटर दिसते. कुणी राहिलंय का तिथे?

---

अरे, ते सहाशे मीटर आडवे नाहीत, उभे आहेत! आम्ही हीच चूक केली होती. टॅक्सीवाल्याने खालीच उतरवलं, पुढे गाडी जात नाही म्हणाला. पायऱ्या चढताना बॅगेचं चाक निखळलं आणि टणाटण खाली गेलं. एका आजींनी ते उचलून आणून दिलं, वर हसल्याही.
१७५५ च्या भूकंपात खालचा बायशा भाग जमीनदोस्त झाला, तो तेव्हाचा मंत्री पोम्बाल याने सरळ रस्ते आखून पुन्हा बांधून काढला. अल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून त्या अरुंद गल्ल्या अजून तशाच. आईंसाठी बायशाच बघ, सपाट आहे. आणि लिफ्ट आहे का ते आधी लेखी विचार.
शिवाय १२ जूनची रात्र सेंट अँथनीच्या उत्सवाची. गोव्यातले सांत आंतोन मूळचे लिस्बनचेच ना! अल्फामात पहाटेपर्यंत गाणी आणि दारोदार सार्डिन मासे भाजणं. आम्हाला धमाल वाटली, पण तुझे बाबा अंडंही खात नाहीत.
– वहिनी

---

वहिनींचं निम्मं पटलं. बायशात जेवण महाग आणि बेचव. मी मार्तिम मोनिझ चौकाजवळ राहिलो. मेट्रोची ग्रीन लाइन आहे, आसपासच्या दुकानांत कोथिंबीर, डाळी मिळतात. फक्त मागच्या मोरारियाच्या चढावर घर घेऊ नकोस. २८ नंबरची ट्राम इथूनच सुटते. सकाळी लवकर गेलात तर आईंना बसायला जागा मिळेल. पोर्तास दु सोलला उतरा आणि अल्फामा वरून खाली बघत या, सावकाश.
कॅफेत ‘शमुसा’ दिसेल, तो आपला समोसाच. पण आत बहुतेक मांस असतं, विचारून घ्या.

---

मंडळी, आभार! अल्फामाचं घर सोडलं, बायशात घेतलं. मालकाने लिफ्टचा फोटो पाठवलाय. एक माणूस मावेल, नाहीतर एक बॅग. आई म्हणते, आधी बॅग पाठव, ती वर पोचली तर मी बसेन.