बोअर आणि नळाचं पाणी एकाच टाकीत: सॉफ्टनर बसवावा की घरोघरी आरओ? सल्ला हवा

सायलीची आई
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंबा रोडला आमची २४ फ्लॅटची बिल्डिंग आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेवढ्यानं भागत नाही म्हणून बोअर आहे. दोन्ही पाणी खालच्या एकाच टाकीत पडतं आणि तेच वर चढवतात. दीड वर्षात आमचा गिझर दोनदा खोलला. मेकॅनिकनं कॉइल हातात दिली, तिच्यावर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर होता, नखानं निघेना. तूरडाळ सात शिट्ट्या झाल्या तरी टचटचीत राहते. चहा गार होईस्तोवर वर तेलकट पापडी धरते. सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळं मला पिण्याच्या पाण्याची जास्त काळजी वाटते. एक विक्रेता अख्ख्या बिल्डिंगला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र, घ्या म्हणतो, दुसरा म्हणतो घरोघरी आरओच पाहिजे. रविवारी मीटिंग आहे. कंपन्यांची नावं नकोत, अनुभव सांगा.

रंकाळा वेस
वहिनी, आमच्याकडं पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवतो. रात्रीत गाळ तळाला बसतो. खर्च काहीच नाही, करून बघा.

जुना सेक्रेटरी
दादा, तुरटी गढूळपणासाठी चांगली, पण क्षार पाण्यात विरघळलेले असतात. त्यांना ती हात लावत नाही.

ताई, मी आमच्या सोसायटीत सहा वर्षं पाणी बघितलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडं दोन पाणी आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. पंचगंगेचं असो की २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं येणारं दूधगंगेचं, ते घाटमाथ्यावरच्या पावसाचं, धरणातलं पाणी. ते हलकं असतं, साबणाला लगेच फेस येतो. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं असतं. येताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून जड. तुम्ही पैसे देऊन आणलेलं हलकं पाणी टाकीत रोज स्वतःच्या हातानं जड करताय. माझं पहिलं सांगणं एवढंच की मशीनचं नंतर बघा, आधी दोन्ही पाणी वेगवेगळी तपासा.

विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, त्याला भुलू नका. तो मीटर एकूण विरघळलेलं किती ते अंदाजानं सांगतो, जडपणा किती ते सांगत नाही. जडपणाला थेंबांचं किट मिळतं. नमुन्यात पावडर टाकली की पाणी लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे आणि निळं झालं की थांबायचं. पाणी टाकीतून घेऊ नका. बोअरचं मोटरीच्या तोंडाशी पाच मिनिटं वाहू देऊन घ्या, नळाचं थेट मेन लाइनवरून. शिवाय एकदा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू तिथंच कळतील. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक लागते, ती त्यांच्याकडूनच मागून घ्या.

भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलेला आहे. टीडीएसला हेच आकडे ५०० आणि २०००. नायट्रेट मात्र ४५ च्या वर नको, आणि ते उकळून जात नाही हे लक्षात ठेवा.

शिवाजी पेठ
सासूबाईंना बीपी आहे म्हणून एक सांगते. सॉफ्टनर क्षार काढून टाकतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. १०० जडपणा घालवला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ५०० च्या पाण्याला २३० झालं. माझ्या आईला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि आम्ही वर्षभर तेच पाणी स्वयंपाकाला वापरत होतो. कुणी सांगितलंच नव्हतं, अजून मनाला लागतं. सॉफ्टनरचं पाणी अंघोळीला, गिझरला, वॉशिंग मशीनला उत्तम. प्यायला आणि कुंड्यांना घालू नका. सॉफ्टनर अधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावा लागतो, ते धुतल्यावरचं पाणी ड्रेनेजलाच सोडा, शोषखड्ड्यात नको.

आरओबद्दल म्हणाल तर घरगुती मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. २४ घरांचा हिशेब करा. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या बिल्डिंगला ते परवडत नाही. टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओ नकोच, राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये तेच म्हटलं होतं. नळाच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा दिवा, पुरतो.

सायलीची आई
सगळ्यांचे आभार. आमच्या मजल्यावरचे काका म्हणतात, मग बोअर बंदच करून टाकू. ते बरोबर वाटतं का?

फुलेवाडी नाका
अजिबात नको ताई. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली, नळ कोरडे पडले. आमच्या गल्लीत टँकरमागं घागरी घेऊन पळायची वेळ आली. तेव्हा शेजारच्या बोअरनंच तारलं. बोअर चालू स्थितीत ठेवा, फक्त त्याची लाइन वेगळी करा. पुरात बोअरच्या तोंडात पाणी शिरलं तर आधी उपसून, ब्लीचिंग पावडर घालून, तपासूनच वापरा.

सायलीची आई
किट आणून आज सकाळी तपासलं. जडपणा बोअरचा ५२०, नळाचा ६०, टाकीतल्या मिसळलेल्याचा २९०. मीटरवर टीडीएस बोअरचा ७८०, नळाचा ११०. मग बोअरचं पाणी पातेल्यात दहा मिनिटं उकळलं, गार करून फडक्यानं गाळलं आणि परत थेंब मोजले तर २१० आलं. पातेल्याच्या बुडाला पिठासारखा पांढरा थर बसला होता. गिझरमध्ये रोज काय होतंय ते डोळ्यांनी दिसलं. आणि नळाच्या पाण्यात डाळ चार शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली, सासूबाईंनी आपणहून वाटी पुढं केली! प्रयोगशाळेत नमुना उद्या देतेय.

आता एकच अडचण. खालची टाकी आरसीसीची आहे, मधोमध भिंत घालून दोन भाग करता येतील का?

जुना सेक्रेटरी
भिंत घालू नका, सांध्यातून पाझर होतो आणि कुठलं पाणी कुठं गेलं कळत नाही. खालची टाकी नळालाच ठेवा. बोअरला गच्चीवर वेगळी प्लॅस्टिकची टाकी बसवा आणि तिची लाइन आधी संडास, गाडी धुणं आणि बागेला द्या. एवढ्यानं नळाचं पाणी पुरतंय का ते महिनाभर बघा. पुरलं तर सॉफ्टनर लागणारच नाही. नाही पुरलं तर फक्त बोअरच्या लाइनवर छोटा बसवून ती बाथरूमला जोडा. स्वयंपाकघरात ती कधीच नेऊ नका. गच्चीवर टाकी ठेवायची जागा मात्र इंजिनिअरला दाखवा, कॉलमच्या डोक्यावरच हवी. आणि गिझरची कॉइल फेकू नका, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून रात्रभर बुडवून ठेवा.

सायलीची आई
लिंबूसत्त्वात टाकलीय, बुडबुडे यायला लागलेत. प्लंबरला शनिवारी बोलावते, म्हणजे मीटिंगला खर्चाचा आकडा हातात असेल.