पाळी गेली म्हणून गोळी सोडायची?

कृष्णाकाठ, सांगली:
सकाळी आपल्या या पेशंटच्या गटात कुणीतरी टाकलंय, 'स्तनाचा कॅन्सर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळं पसरतो. पाळी गेली की धोका संपला, गोळ्या सोडा.' वाचून गप्प बसवेना. पाळी गेली तरी चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेन बनवतंच, लेट्रोझोलची गोळी त्यालाच अडवते. शिवाय वाढणं वेगळं, पसरणं वेगळं. इस्ट्रोजेन पेशीत ज्याला चिकटतं तो रिसेप्टर स्वतःच ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन आहे. तो डीएनएवर बसून पेशी वाढवणारी जनुकं चालू करतो. स्नेल आणि ट्विस्ट हे फॅक्टर मात्र पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन दाबतात. मग पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या पसरतात. आणि गंमत नाही, खरं सांगतो: चालू रिसेप्टर स्नेलला दाबूनही ठेवतो.

मिरजकर:
म्हणजे हा रिसेप्टर अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीनं कॅन्सर मोकाट सुटतो? बायकांना कशाला घाबरवता? १८९६ मध्येच बीटसन या सर्जननं इस्ट्रोजेन बनवणारी बीजाशयं काढून गाठी आकसलेल्या दाखवल्या होत्या.

कृष्णाकाठ:
असं मी कुठं लिहिलंय? गोळीनं कॅन्सर उलटणं कमी होतं. २०१३ च्या अ‍ॅटलास चाचणीत ५ ऐवजी १० वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत ते आणखी कमी निघालं.

तासगावची लेक:
आमच्या आईनं गोळी मधेच सोडली. 'आता बरी आहे, कशाला पोट जाळायचं' म्हणायची. काही वर्षांनी कंबर धरली, आम्ही तेल चोळत बसलो. मणक्यात उतरला होता. वर हळदीच्या कॅप्सूल चालूच होत्या, कुणीतरी खात्रीनं दिलेल्या.

हळदवाला:
लगेच हळदीवर घसरलात! आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पिढ्यान् पिढ्या खातोय आम्ही.

तासगावची लेक:
आमटीतल्या हळदीला कोण बोलतंय? कॅप्सूलचं बोलतेय.

मिरजकर:
ताई बरोबर बोलतायत. हळदीतल्या करक्युमिनच्या कॅप्सूलनं टॅमॉक्सिफेनपासून बनणारं एन्डॉक्सिफेन रक्तात कमी झालेलं आढळलंय. कामाचं औषध तेच.

हळदवाला:
सगळ्या कंपन्यांच्या गोळ्या चांगल्या आणि शेतकऱ्याचं पीक तेवढं वाईट! बाजारात दर पडला की तुमच्यापैकी कोण येतं बघायला?

तासगावची लेक:
दादा, दराचं दुःख मलाही आहे, आमचीही हळदच आहे. पण आई माझी गेली. कॅप्सूल विकणारा परत फिरकला नाही.

हळदवाला:
...बरं. कॅप्सूल डॉक्टरांना विचारून घ्यावी, एवढं मान्य. हळदीला नावं ठेवलेली खपवून घेणार नाही.

मिरजकर:
कृष्णाकाठ, स्नेलचं तुमचं पटलं, मान्य करतो. पण ते पेशंटच्या गटात पहिल्या ओळीत लिहायचं नव्हतं. तिथं आधी 'गोळी सोडू नका' एवढंच पाहिजे होतं.

कृष्णाकाठ:
का लिहायचं नव्हतं? कारण कळलं नाही म्हणूनच बायका गोळी सोडतात.