एकांकिका आविन्योंला न्यायची का?

प्रेषक: नाट्यविभाग

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेचं सगळ्यांनी भरभरून कौतुक केलंत. ती पुढच्या जुलैत फ्रान्सला, आविन्योंच्या 'ऑफ' महोत्सवात न्यावी असं आम्हा तिघांच्या मनात आहे. तिथे निवड समिती नसते. जागा मिळवली, नोंदणी केली की झालं. ताई, तुम्ही 2024 मध्ये एका नाट्यसंस्थेबरोबर तिथे होतात. तुम्हाला काय वाटतं?

प्रेषक: ताई

जावं असं मनापासून वाटतं, पण पुढच्या जुलैत नको.

निवड समिती नाही म्हणजे कोणी बोलावलेलंही नसतं. 'ऑफ' जन्मलाच तसा. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ विलार यांनी 1947 मध्ये पोपच्या राजवाड्याच्या चौकात मूळ महोत्सव सुरू केला. 1966 मध्ये तिथलेच नाटककार आंद्रे बेनेदेत्तो यांनी आमंत्रणाची वाट न बघता आपलं नाटक लावलं, आणि त्यातून हे सगळं वाढलं. मी गेले त्या वर्षी सोळाशेहून जास्त नाटकं होती, आणि जुन्या गावाचा तट जेमतेम सव्वाचार किलोमीटरचा! चालत तासाभरात वळसा पुरा होतो.

एका छोट्या थिएटरात सकाळपासून रात्रीपर्यंत सात-आठ नाटकं लागतात. आमची वेळ दुपारी 12.20 ची होती, आणि सेट लावायला-काढायला मिळून वीस मिनिटं. एकांकिका स्पर्धा केलेल्यांना ही धावपळ नवी नाही, पण स्पर्धेत ती एकदाच असते, इथे रोज. आमच्या नाटकात शेवटी स्टेजभर तांदूळ सांडायचे. टाळ्या थांबायच्या आत मी झाडू घेऊन आत शिरायचे, आणि विंगेत पुढच्या नाटकातले दोघं लोखंडी पलंग उचलून उभे असायचे. चौथ्या दिवशी फळ्यांच्या फटीत राहिलेल्या दाण्यांवरून त्यांची अनवाणी नटी घसरली. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही खाली ताडपत्री अंथरली आणि प्रयोग संपला की चार कोपरे धरून तांदळासकट गाठोडं बाहेर न्यायला लागलो.

पण खरी मेहनत रस्त्यावर असते. पोस्टरं पुठ्ठ्यावर चिकटवून सुतळीने खांबांना नि कठड्यांना बांधायची. मिस्त्राल वारा सुटला की सकाळी जाऊन पुन्हा बांधायची. पहिल्या प्रयोगाला नऊ प्रेक्षक होते. त्या दिवसापासून आम्ही रंगाऱ्यांच्या गल्लीत, जुन्या पाणचक्क्यांजवळ उभे राहून पत्रकं वाटू लागलो. एका आजीबाईंना आमच्या नटाने स्थलांतर, एकटेपणा असं बरंच काही ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "विषय कळला. पण नाटकात घडतं काय?" त्याला पटकन सांगता येईना. त्या रात्री आम्ही सगळे त्या एकाच प्रश्नावर बसलो होतो.

आपलंही तिथेच अडेल. आपल्या एकांकिकेत पहिल्या पाच मिनिटांत जो हशा येतो, तो रंगमंचावर आपली माणसं दिसली म्हणून येतो. तो प्रेमाचा असतो, मला तो फार मोलाचा वाटतो. पण ज्याला आपण कोणीच लागत नाही, अशा माणसासमोर हे नाटक आपण अजून केलेलंच नाही.

प्रेषक: खजिनदार काका

ताई, तुझं पटतंय. दोनच गोष्टी विचारतो. तिकिटं खपोत न खपोत, भाडं द्यायचंच ना? आणि मराठी चालेल का? इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकचं महाभारत 1985 मध्ये आविन्योंजवळच्या दगडखाणीत रात्रभर चाललं होतं, नऊ तास! दशावतार बघता बघता उजाडतं, तसं. पण ते होतं फ्रेंचमध्ये.

प्रेषक: ताई

काका, भाडं द्यावंच लागतं. शिवाय ऑफचं कार्ड असलेल्या प्रेक्षकाला तिकिटात तीस टक्के सवलत असते, तीही हिशेबात धरा. बहुतेक संस्था गल्ल्यासाठी येतच नाहीत. फ्रान्सभरच्या नाट्यगृहांची माणसं पुढच्या हंगामासाठी नाटकं निवडायला येतात, त्यांच्या नजरेत भरावं म्हणून त्या येतात. आपण नोकऱ्या सोडून दौरा करणार नाही. मग एवढा खर्च कशासाठी, हे आधी आपसात स्पष्ट असू दे.

मराठीचं म्हणाल तर माझा आग्रह आहे की संवाद मराठीच ठेवा आणि वर पडद्यावर फ्रेंच ओळी दाखवा. मूळ महोत्सवाने 2023 मध्ये इंग्रजीला, 2024 मध्ये स्पॅनिशला आणि 2025 मध्ये अरबीला पाहुणी भाषा म्हणून बोलावलं. वाचत वाचत नाटक बघायची तिथल्या प्रेक्षकाला सवय आहे. अडचण आपल्या संहितेत आहे. भांडणाच्या प्रवेशात तिघं एकदम बोलतात. तिथे कोणाची ओळ दाखवणार? आणि प्रेक्षक वर बघेपर्यंत सुनेचं ते गप्प होणं निसटून जाईल. नाटकातली सगळ्यात चांगली जागा आहे ती.

प्रेषक: नाट्यविभाग

ताई, गप्प होण्याची जागा तुमच्या लक्षात राहिली, बरं वाटलं. ती कोणत्याही परिस्थितीत वाचवायची.

मग असं करू. जुलैत आम्ही चौघं नुसतं बघायला जाऊन येतो. त्याआधी इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या छोट्या सभागृहात ओळींसकट एक प्रयोग लावू. प्रेक्षक म्हणून शेजारीपाजारी, ऑफिसातले लोक, मुलांच्या मित्रांचे आईवडील. मंडळाच्या सभासदांना कळकळीची विनंती, त्या दिवशी येऊ नका. सेट वीस मिनिटांत लावून काढायचा, घड्याळ ताईंच्या हातात. काका, भांडणाचा प्रवेश आपण दोघं बसून पुन्हा लिहू या का?

रविवारी दुपारी चार वाजता वाचन. येताना प्रत्येकाने आपल्या नाटकात घडतं काय, ते दोन वाक्यांत लिहून आणा.