पदवीसाठी नाही, पॅसेजसाठी

'पाच वर्षं बी.आर्च. (वास्तुकलेची पदवी) केल्यावर परदेशी पुन्हा शिकायला कशाला?' असं मला विचारलं जातं. मी मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. खोली १६० चौरस फुटांची, पण आईचं भाजी निवडणं मधल्या पॅसेजमध्ये, समोरच्या काकूंशी बोलत. पुढे ऑफिसात पुनर्विकासाच्या टॉवरचे नकाशे काढताना त्या पॅसेजची लिफ्ट लॉबी झाली. एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधकाम करता येतं, त्या प्रमाणाच्या) गणितात गप्पांना जागाच नाही.

व्हिएन्नाचा कार्ल-मार्क्स-होफ हा गृहसंकुल १९३० साली उभा राहिला, साधारण आमच्या चाळींच्याच वयाचा. पालिकेनेच बांधला: तेराशेवर घरं, मोठाली अंगणं, सामायिक धुलाईघरं, बालवाड्या. आजही लोक तिथे भाड्याने राहतात (आणि भाडेकरू असण्यात कमीपणा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं). ती अंगणं इतकी वर्षं कोण, कशी सांभाळतं, ते तिथे राहून शिकायचंय.