मदत हवी आहे : मुलीचे कागदोपत्री नाव 'गोदू' ठेवावे का?

नमस्कार. आमची मुलगी 4 महिन्यांची आहे. जन्माची नोंद वेळेत झाली, पण दाखल्यावर नावाची जागा अजून रिकामी आहे. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव घालण्यास शुल्क पडत नाही, त्यामुळे कायद्याची घाई नाही. घाई आहे ती नातेवाइकांची.

मला तिचे नाव 'गोदू' ठेवायचे आहे. गोदावरी नव्हे, नुसते गोदू. जन्मदाखल्यावर, शाळेत आणि पुढे पासपोर्टवरसुद्धा. माझ्या आजीला माहेरी याच नावाने हाक मारीत. लग्नात तिचे नाव बदलून सुमती ठेवले गेले आणि पुढे जन्मभर ती सुमतीच राहिली; परंतु माहेराहून आलेल्या तिच्या पितळी गडूच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली 'गोदू' ही दोन अक्षरे आजही बोटाला लागतात. शेवटच्या उकाराचे टिंब जरा खोल गेले आहे, घासताना नेमकी तिथेच चिंच अडकून बसते.

असे अनेकींचे झाले. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका, घरातली मनू. मोठे नाव दोनदा ठेवले जाई, एकदा बारशाला आणि एकदा लग्नात, आणि दोन्ही वेळा ते थाटामाटाने दिले जाई; हाकेचे नाव मात्र कुणी न ठेवताच पडे. मला त्या पडलेल्या नावांचीच ओढ वाटते.

यजमानांचे म्हणणे असे, की कागदावर गोदावरी असावे आणि घरात हवे तर गोदू म्हणावे, कारण पूर्ण नावातून लाडाचे नाव केव्हाही काढता येते, उलटे करता येत नाही. मुद्दा खोटा नाही. पण माझ्या एका मावशीला शाळेत घालताना घरच्या हाकेवरून तिचे नाव 'बेबी' असे लिहिले गेले, लग्नानंतरच्या कागदांवर 'पुष्पा' आले, आणि या दोघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी निवृत्तिवेतनाच्या वेळी तिला प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागले. दोन नावांचा संसार मला लेकीच्या गळ्यात बांधायचा नाही. सासूबाई म्हणतात, "मोठेपणी हिला गोदू म्हणून कोण मान देईल?" यावर मी टिळकांचे उदाहरण दिले. त्यांचे नाव केशव ठेवलेले होते, बाळ हे घरातले लाडाचे नाव. तरी 'बाळ गंगाधर टिळक' हे नाव कुणाला पोरकट वाटले नाही. सासूबाईंचे उत्तर आले, की पुरुषांचे वेगळे असते. (माझा आग्रह त्या क्षणी दुप्पट झाला, हे कबूल करते.)

जुने ते सगळे गोड, असे मात्र मी मानत नाही. 'नकुशी' हेही जुनेच घरगुती नाव. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ती उगाच नव्हे. शिवाय एकाच नावाची रूपेसुद्धा सारखी नसतात. यमू, गोदू, वेणू या ऊकारान्त हाकांत माया आहे, तर यमी, गोदी यांत थोडे दटावणे ऐकू येते, आणि गोदी म्हटले की मला तरी जहाजेच दिसतात. ठकी मला फार आवडते, पण त्यातला 'ठक' वर्गातल्या मुलांच्या नजरेतून सुटणार नाही. मनू म्हणताच स्मृतीचा विषय निघतो. राहता राहिली छबू आणि वेणू. त्यातही वेणू म्हणजे बासरी असा सरळ अर्थ सांगता येत असल्याने घरातल्या सर्वांना तेच त्यातल्या त्यात बरे वाटते.

ज्यांचे स्वतःचे किंवा लेकीचे कागदोपत्री नाव असे हाकेचेच आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. मुलाखतीच्या वेळी किंवा कार्यालयात नाव सांगताना "हे झाले घरचे, पूर्ण नाव काय?" असे विचारले जाते का, आणि त्याला आपण काय उत्तर देता? गोदू या नावावर शाळेत चिडवणे ओढवेल असे एखादे यमक किंवा अन्य भाषेतला अर्थ माझ्या ध्यानात आला नसेल, तर तोही स्पष्टपणे सांगावा. आणि सज्ञान झाल्यावर मुलीला गोदावरी व्हावेसे वाटलेच, तर राजपत्रात नाव बदलल्यानंतर जुन्या गुणपत्रिकांचे आणि प्रमाणपत्रांचे काय करावे लागते, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. नवी आधुनिक नावे कृपया सुचवू नयेत. त्यांची यादी नणंदेने आधीच पाठवली आहे.