शंभर कामगारांच्या टॉवेल कारखान्याने आयएसओ ४५००१ घ्यावं का?

ताणाबाणा
मत आधी सांगतो, शिव्या नंतर घाला. सोलापुरातल्या शंभर माणसांच्या टॉवेल-चादर कारखान्याने आत्ता ४५००१ च्या, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा-आरोग्य सांभाळायच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, सर्टिफिकेटमागे लागू नये. मानक वाईट आहे असं नाही. २०१८ साली आलं, जुन्या ओएचएसएएस १८००१ पेक्षा उजवंच आहे. पण आपल्याकडे माणूस जखमी कशाने होतो ते बघा. साध्या मागावर धोटा (आडवा धागा नेणारं शटल) उडतो, कारण त्याला ठोकर मारणारा पिकर झिजलेला, धोट्याच्या पेटीची पकड ढिली, ठोकर मारायचं टायमिंग चुकलेलं आणि धोटा अडवणारी शटल-गार्डची सळई काढून कोपऱ्यात ठेवलेली. सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावताना, रोलरमध्ये बोटं जातात. डाईंगमध्ये हायड्रो (ओला माल गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र) फिरत असतानाच झाकण उघडतात, कारण फिरताना झाकण उघडू न देणारा इंटरलॉक वायर टाकून बायपास केलेला. हायड्रोसचा (रंगाईत लागणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइटचा) डबा ओलीत उघडा राहतो, त्याला थोडं पाणी लागलं की आतून तापून पेट घेतो.

यातल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र लागत नाही. नवा पिकर लागतो, लिमिट स्विच लागतो, कोरडी खोली लागते. पैसा एकच आहे, तो आधी तिथे घाला.

आणि बाहेरदेशीचा खरेदीदार बहुतेक वेळा स्मेटा नाहीतर एसए ८००० मागतो, म्हणजे कामगारांना कसं वागवता याची तपासणी. ४५००१ दाखवलं म्हणून ते ऑडिट काही टळत नाही.

नोंदवही
यादी एकदम बरोबर, निष्कर्ष चुकला. सळई काढलेली आहे हे तुम्हाला दिसतं, मालकालाही दिसतं. मग ती सहा महिने काढलेलीच का राहते? तुटलेला धागा जोडताना ती आडवी येते, आणि विणकराची मजुरी पीसवर. माग थांबला की त्याचा रुपया बुडाला. तुम्ही सळई परत लावाल, आठ दिवसांत ती पुन्हा कोपऱ्यात जाईल.

मानकातलं ५.४ कलम नेमकं यावरच बोट ठेवतं: कामगाराशी सल्लामसलत करा आणि त्याच्या सहभागातले अडथळे काढा. पीस रेट हा अडथळाच आहे. सळईऐवजी उचलता येणारा बिजागरीचा गार्ड लावायचा, की थांबलेल्या वेळेचा ठरावीक मोबदला द्यायचा, हे विणकराला विचारल्याशिवाय ठरत नाही. मग ८.१.२ ची उतरंड: धोका काढून टाका, नाही जमलं तर बदला, मग यंत्रात सुधारणा, मग कामाची पद्धत, आणि सगळ्यात शेवटी मास्क-प्लग. आपल्याकडे सुरुवातच शेवटापासून होते.

जुना जॉबर
कलमं वाचायला छान आहेत हो. फाइली बघितल्यात का? सल्लागार दुसरीकडची धोका-नोंद आणतो, फक्त कंपनीचं नाव बदलतो. माग-शेडच्या नोंदीत फोर्कलिफ्टचा धोका लिहिलेला आणि आवारात हातगाडीसुद्धा नाही! ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावर चाळीस सह्या, सगळ्या एकाच हातच्या, एकाच पेनाच्या. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदवहीत वर्षभर 'निरंक'. चाळीस मागांच्या शेडमध्ये वर्षभर एकदाही धोटा उडाला नाही? कुणाला सांगता?

आवाजाचंच घ्या. महाराष्ट्र कारखाने नियमांत उघड्या कानाला ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार आणि १०० ला फक्त दोन तास चालतात. साधे माग भरलेल्या शेडमध्ये ९५ च्या वरच असतं, आणि पाळी दोन तासांची नसते. उपाय काय लिहितात, तर 'इअर प्लग दिले'. पाकिटावर ३० डेसिबल छापलेलं असतं, पण प्लग नीट पिळून कानात खोल घातला नाही तर त्यातलं निम्मंही मिळत नाही. शिवाय जॉबर (माग दुरुस्त ठेवणारा मुकादम) तो काढणारच, कारण मागाचं दुखणं त्याला आवाजावरूनच कळतं.

चिंचोळी फाटा
जॉबर, ही तक्रार मानकाची नाही, विकत घेतलेल्या कागदाची आहे. दोन्ही ओळखता येतात.

आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. देणाऱ्या संस्थेला मान्यता कुणाची ते बघायचं. भारतात ती एनएबीसीबी हे राष्ट्रीय मान्यता मंडळ देतं. मग ऑडिटचे दिवस मोजायचे. मध्यम धोक्याच्या गटात शंभर माणसांसाठी पहिल्या प्रमाणनाला सुमारे आठ ऑडिट-दिवस धरतात, कारण असेल तर थोडे कमी-जास्त. दरवर्षीच्या देखरेखीला त्याच्या एक तृतीयांश, तीन वर्षांनी नूतनीकरणाला दोन तृतीयांश. 'एका दिवसात सगळं उरकून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून रवाना करा. जो सिस्टिम बसवून देतो तोच सर्टिफिकेटही देतो म्हणाला, तर चहासुद्धा नको. तसं करता येत नाही.

ऑडिटच्या पहिल्या टप्प्यात कागद, कायदेशीर पूर्तता आणि जागेची पाहणी. दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. मोठी त्रुटी निघाली तर दुरुस्त करून ऑडिटरकडून सहा महिन्यांच्या आत तपासून घ्यावी लागते, नाहीतर दुसरा टप्पा पुन्हा. चांगला ऑडिटर रात्रपाळी बघतो आणि मॅनेजरला बाजूला ठेवून विणकराशी बोलतो.

पूर्वभाग
बोलतो कुठल्या भाषेत? सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या शेडमध्ये घरची भाषा तेलुगू. सुरक्षा धोरण इंग्रजीत फ्रेम करून ऑफिसात टांगलेलं, डाईंगच्या ड्रमवरची सूचनाही इंग्रजीत. कॉस्टिकचा ड्रम कुठला आणि पेरॉक्साइडचा कुठला हे कामगार झाकणाच्या रंगावरून ओळखतो. पुरवठादार बदलला की रंग बदलला.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच. ४५००१ घेणारा कारखाना बहुधा शिलाई-पॅकिंगवाला असतो. विणकाम जॉबवर, म्हणजे बाहेर मजुरीने दिलेलं, गल्लीतल्या आठ-दहा मागांच्या शेडमध्ये. तिथे दहा माणसंसुद्धा नसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही वीज वापरणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला २० कामगार लागतात. म्हणजे धोटा जिथे उडतो ती जागा कायद्याच्याही बाहेर आणि सर्टिफिकेटच्याही बाहेर. कागद कुणाचा, कान कुणाचे!

नोंदवही
पूर्णपणे बाहेर नाही. ८.१.४ मध्ये कंत्राटदार आणि बाहेर दिलेलं काम दोन्ही येतात. दुसऱ्या मालकाची शेड तुमच्या सर्टिफिकेटवर छापली जाणार नाही, पण त्या कामावर नियंत्रण कसं ठेवता ते दाखवावं लागतं. जॉबच्या करारात शटल-गार्ड, बेल्टवर जाळी आणि पिकर बदलायची मुदत लिहिता येते, त्यासाठी दरात थोडी वाढ देता येते. आणि स्वतःच्या आवारातलं डाईंग 'व्याप्तीत नाही' म्हणून वगळता येत नाही. तसं वगळलेलं सर्टिफिकेट दिसलं तर देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, उत्तर देणं त्यांना भाग आहे.

ताणाबाणा
'दरात थोडी वाढ'. इथेच हसू आलं. मीटरमागे पैशा-पैशाची घासाघीस चालते आणि तुम्ही गार्डचे पैसे मागताय.

बरं, जॉबवर्कचा मुद्दा मान्य. पण क्रम माझाच ठेवा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. त्यानंतर तरी पहिला खर्च कशावर? वायरिंगची तपासणी, बसबारवर (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) आणि पंख्यांवर साचलेली कापसाची धूळ, सुताच्या गाठोड्यांमधून मोकळी वाट, दुसरा दरवाजा. धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, व्हॅक्यूमने ओढायची. उडवलेली धूळ दिव्यावर आणि पॅनेलमध्ये जाऊन बसते.

चिंचोळी फाटा
हे सगळं ८.२ मध्येच आहे, आणीबाणीची तयारी. फरक इतकाच की तुम्ही एकदा कराल; तिथे ठरावीक काळाने सराव करून नोंदवावं लागतं आणि चुकलेलं सुधारावं लागतं. बॉयलरची वार्षिक तपासणी, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीत माणूस उतरवण्याआधी ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणं, तेही तसंच. वास आला नाही म्हणून वायू नाही असं धरू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं.

जुना जॉबर
सराव करतात की. दिवसा अकराला, फोटोग्राफर बोलावून, सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून. तीन मिनिटांत शेड रिकामी.

रात्री दोनला घ्या. शटरला बाहेरून कुलूप असतं, सूत चोरीला जातं म्हणून. किल्ली कुणाकडे असते तेही लिहा नोंदवहीत.

नोंदवही
ती मोठी त्रुटी. तिथे सर्टिफिकेट अडकलंच पाहिजे. चोरीची भीती असेल तर आतून दांडी ढकलली की उघडणारा दरवाजा बसवा, वर भोंगा. उघडला की वाजतो, चोरही सापडतो.

पूर्वभाग
भोंगा मागांच्या आवाजात ऐकू येणार नाही. फिरता लाल दिवा लावा, आणि मागांची मेन लाइन त्याच स्विचला जोडा.

जुना जॉबर
मेन लाइनवरच दिवे असतील तर अंधारात माणसं बीमवर (सूत गुंडाळलेल्या रुळांवर) धडपडतील. बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे बॅटरीवर वेगळे ठेवा.