८६ हरकती दिल्या, तरी ठराव मंजूर. आता कुणाकडे जायचं?

चावीवाल्याची_लेक

नमस्कार. जरा लांबेल, पण पहिल्यापासून सांगते.

आमची ‘क’ वर्ग नगरपरिषद. २०२२ पासून निवडणूक झालेली नव्हती, मुख्याधिकारीच प्रशासक होते. विषय ठेवणारे तेच, मंजूर करणारेही तेच. सभागृहाला कुलूप आणि ठराव मात्र दर महिन्याला.

दिवाळीच्या आठवड्यात एका पेपरात चार बोटांएवढं जाहीर प्रगटन आलं. गावच्या पाणीपुरवठ्याची देखभाल-दुरुस्ती, मीटर बसवणं आणि पाणीपट्टीची वसुली, सगळं पंधरा वर्षांसाठी एका एजन्सीकडे द्यायचं आहे, हरकती व सूचना पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात. हा पेपर आमच्याकडे फक्त एका सलूनमध्ये येतो. तिथल्या दादांनी फोटो काढून पाठवला म्हणून कळलं, नाहीतर आम्ही करंज्या तळत बसलो असतो.

मग मी आणि शेजारच्या दोघी घरोघर फिरलो. ८६ हरकती गोळा झाल्या. छापील नमुन्यावर सह्या नाहीत, प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहिलेल्या. प्रत्येकीच्या झेरॉक्सवर आवक-जावकचा शिक्का आणि क्रमांक घेतला. कारकून वैतागला, पण घेतला.

माझे बाबा याच नगरपरिषदेत एकतीस वर्षं चावीवाले होते, म्हणजे गल्लोगल्लीचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे. पहाटे तीनला सायकलला चावी बांधून निघायचे. कुंभारवाड्याच्या चढावर पाणी पोचवायचं तर खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह दीड आटा बंद ठेवावा लागतो, पूर्ण बंद केला तर जुना सिमेंटचा पाइप फुटतो, हे कुठल्याही नकाशात नाही. निविदेत लिहिलंय ‘अंदाजे ४० व्हॉल्व्ह’. बाबांनी खाटेवर बसून बोटांवर मोजून ६३ सांगितले, जागेसकट. त्यातले नऊ डांबराखाली गेलेत. माझ्या हरकतीत हेच होतं. पाणीपट्टी किती वाढणार, रोजंदारीवरच्या चौदा जणांचं काय, हे बाकीच्यांनी विचारलं होतं.

सुनावणी झाली नाही. उत्तर एकालाही नाही. आणि गेल्या आठवड्यात कळलं की ठराव होऊन गेला. विचारायला गेले तर म्हणे, “मॅडम, हरकती साहेबांनी पाहिल्यात.”

आता काय करू? वकिलाला द्यायला पैसे नाहीत. आणि कृपा करून ‘मोर्चा काढा’ म्हणू नका. मागच्या मोर्चाला अकरा माणसं होती, त्यातली तीन आमच्याच घरची.

निवृत्त_लेखापाल

ताई, नगरपरिषदेच्या लेखा विभागात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. ‘साहेबांनी पाहिल्यात’ याला कागदावर काही किंमत नाही. पाहिल्या असतील तर नस्तीत (म्हणजे त्या विषयाच्या फाइलीत) टिपणी असते: हरकत क्रमांक अमुक, मुद्दा काय, विभागाचा अभिप्राय काय, मान्य की अमान्य. ती टिपणी आधी डोळ्यांनी बघा.

माहिती अधिकाराचा अर्ज करा, नमुना जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको (वरच्यासारखं लिहिलंत तर त्याच कारणावर परत येईल). ‘का मंजूर केलं’ असं विचारू नका, ‘का’ला ते उत्तर देत नाहीत. ‘सदर विषयाच्या संपूर्ण नस्तीचं अवलोकन करायचं आहे’ एवढंच लिहा. पहिला तास फुकट असतो. पान क्रमांक बघा, मध्येच ४१ नंतर ४४ आलं तर ते लिहून घ्या. तीस दिवसांत दाखवलं नाही तर तिथेच प्रथम अपील.

‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून करार दाखवायला नाही म्हणतील. पण तुमच्या हरकती काही कंपनीचं गुपित नाहीत. आणि लोकांवर परिणाम करणारा निर्णय घेताना सगळी तथ्यं जाहीर करायची, बाधितांना कारणं द्यायची, हे त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, मागितल्याशिवाय द्यायचं म्हणून.

दुसरं, कलम ३०८. नगरपरिषद अधिनियम १९६५. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताच्या विरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी लेखी आदेशाने तहकूब करू शकतात. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही. मी नोकरीत असताना या ३०८ला मुख्याधिकारी मोर्चापेक्षा जास्त घाबरायचे.

आठव्या_दिवशी_पाणी

सगळे खाजगीकरणावर तुटून पडण्याआधी एक कडू गोष्ट ऐका. मी छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाचं औरंगाबाद. आमच्याकडे समांतर जलवाहिनी होती, ७९२ कोटींची. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचं पाणी कंपनीच्या ताब्यात गेलं. दरवर्षी दहा टक्के पाणीपट्टी वाढ करारातच. लोक चिडले, सभा, मोर्चे, कोर्ट, सगळं झालं. २०१६ मध्ये महापालिकेने करार मोडला. आम्ही पेढे वाटले. मी स्वतः वाटले.

कंपनी गेली, पाणी काही आलं नाही. जायकवाडी तुडुंब आणि आमच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. मग १६८० कोटींची नवी योजना, तिचे पुढे २७४० कोटी झाले. माझ्या गच्चीवर अजून दोन हजार लिटरच्या तीन टाक्या आहेत.

ताईंच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण प्रत्येक चावीवाला असा नसतो. आमच्या गल्लीत चावी कुणासाठी किती वेळ उघडी राहायची ते सगळ्यांना माहीत होतं.

चावीवाल्याची_लेक

दादा, शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. हसले. म्हणाले, खरं आहे त्याचं, दोघं होते तसे. पण त्यांची तक्रार लोक सकाळी नाक्यावर तोंडावर करायचे. निविदेत तक्रारीसाठी टोल-फ्री नंबर दिलाय.

रंकाळ्याकडचा

ताई, मोर्चा नको म्हणालात म्हणून गप्प बसलो होतो, पण आता ऱ्हावत न्हाई.

कोल्हापूरचा टोल आठवतोय का? २२० कोटींचा प्रकल्प, पन्नास किलोमीटरच्या आसपास रस्ते, आणि त्याच्यासाठी तीस वर्षं शहरातच टोल. घरातनं शेतावर जायला टोल, पोरीला क्लासला सोडायला टोल! लोकांना हे कळलं कधी, तर वेशीवर नाके उभे राहायला लागले तेव्हा. करार त्याच्या कितीतरी आधी झालेला. ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही’ म्हणत अख्खं गाव उठलं. एन. डी. पाटील सर ऐंशी पार केलेले, तरी उन्हात पुढं. पानसरे अण्णा बरोबर. नाके जाळले ते चुकलंच, त्यात पोरांच्यावर केसी पडल्या.

पण नुसत्या घोषणांनी झालं न्हाई. आमची माणसं रस्त्यावर टेप घेऊन उतरली होती. गटार अर्धं, विजेचा खांब रस्त्याच्या मधे, फुटपाथ नुसता कागदावर. कामाचं फेरमूल्यांकन करायला लावलं. २०१५ च्या शेवटी टोल गेला, पण कंपनीला भरपाई सरकारी तिजोरीतनंच. सही झाल्यावर काढायचं म्हणजे असं. तुमची सही अजून झाली नसंल तर पळा.

बाबांचे ६३ व्हॉल्व्ह म्हणजे आमची टेप. एकेकाचा फोटो काढा, बाबांना शेजारी उभं करून.

उत्तर_लंडनकर

‘पळा’ या शब्दावर थांबलो. मी मूळचा साताऱ्याचा, लंडनमध्ये बार्नेटला बरीच वर्षं राहिलो. आमच्या कौन्सिलने २०१३ मध्ये जवळजवळ अर्धं ऑफिस कॅपिटा नावाच्या कंपनीला दहा वर्षांसाठी दिलं. फोन उचलणं, पगारपत्रकं, बांधकाम परवाने, हेंडनची दफनभूमी आणि दहनभूमीसुद्धा. आई वारल्यावरची पावतीसुद्धा कंपनीकडून येणार, असं शेजारी म्हणायचे.

एक अपंग रहिवासी बाई याविरुद्ध हायकोर्टात गेल्या. १९९९ च्या कायद्याने लोकांशी सल्लामसलत बंधनकारक होती, ती केली नाही, हा मुद्दा. न्यायमूर्तींनी तो मान्य केला. कौन्सिलने सल्लामसलत केलीच नाही, असं निकालात स्पष्ट आहे. आणि तरी बाई हरल्या! कारण तिथे तीन महिन्यांत दाद मागावी लागते, आणि कोर्टाने घड्याळ मोजलं ते करार द्यायच्या दिवसापासून नाही, त्याआधी दोनेक वर्षं ‘सेवा बाहेर द्यायच्या’ असं तत्त्वतः ठरलं तेव्हापासून. त्या वेळी कुणाचं लक्षच नव्हतं. अपिलातही तेच. पुढे काही वर्षांनी बऱ्याच सेवा कौन्सिलने परत आपल्याकडे घेतल्या, तो भाग वेगळा.

आपल्याकडे रिट याचिकेला अशी ठरलेली मुदत नाही, पण ‘इतके दिवस काय करत होता’ हे कोर्ट विचारतंच. म्हणून लेखापाल काकांच्या यादीत एक भर: पहिला ठराव कुठला आणि कुठल्या तारखेचा, ते शोधा. तुमच्या हातात आलेला कदाचित दुसरा किंवा तिसरा असेल.

निवृत्त_लेखापाल

बरोबर. आधी सल्लागार नेमायचा ठराव झाला असणार. प्रकल्प अहवालाचं बिल कुठल्या महिन्यात निघालं ते पाहा, तारीख सापडेल. बिल कधी खोटं बोलत नाही. म्हणजे बोलतं, पण तारीख खरी असते.

चावीवाल्याची_लेक

सव्वीस दिवसांनी लिहितेय. काल नस्ती पाहिली. बाबांना रिक्षाने घेऊन गेले होते. तिथल्या शिपायाने त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा दिला. मला अर्ज दाखवा म्हणाला.

लंडनकर दादा, तुमचं खरं ठरलं. सल्लागार नेमणुकीचा ठराव प्रगटनाच्या चौदा महिने आधीचा आहे. पंधरा वर्षांची मुदत तेव्हाच ठरली होती, आम्हाला पंधरा दिवस नंतर दिले.

कार्यादेश, म्हणजे एजन्सीला काम सुरू करायचा आदेश, अजून निघालेला नाही. सुरक्षा ठेव भरायची बाकी आहे.

आणि पान ५२. मी तीनदा वाचलं, मग बाबांना चष्मा दिला. मंजुरीच्या टिपणीत असं आहे: ‘विहित मुदतीत प्राप्त हरकती/सूचना — निरंक.’

निरंक! म्हणजे एकही नाही. खाली सही, तारीख, शिक्का. माझ्या पिशवीत त्याच कार्यालयाचे ८६ आवक क्रमांक होते.

कारकुनाला क्रमांक दाखवले, तर आवक रजिस्टर उघडून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, या पानाची नक्कल आजच घ्या.” दोन रुपये भरले, पावती घेतली.

सोमवारी ३०८ चा अर्ज घेऊन जिल्ह्याला जातोय. सोबत ५२ वं पान, ८६ झेरॉक्स आणि व्हॉल्व्हचे ५४ फोटो. डांबराखालच्या नऊ जागांवर बाबांनी खडूने गोल काढलेत, त्यांचेही काढलेत. सहाची एसटी आहे. रंकाळ्याकडचे दादा, यावेळी एकवीस जणांनी तिकिटाचे पैसे आणून दिलेत. त्यातले तीनच आमच्या घरचे.